इथे ‘प्रॉबेबली’ चालत नाही

"मी माझ्या बायकोला मारलं की नाही, एवढंच मला सांगा," तो माणूस म्हणाला.

मास्तरांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. अक्काच्या दारात आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली होती. कुणाचा नवरा पळाला होता, कुणाचा भागीदार. पण असं विचारणारं कुणी आलं नव्हतं.

"आधी बसा," अक्का म्हणाली. "मास्तर, त्यांना पाणी द्या."

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आगीच्या विम्याचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात तिचा जन्म गेला. जळकी घरं हुंगून हुंगून नाक इतकं तिखट झालं होतं की निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. तिनं खाजगी तपासाची पाटी लावली. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. तेही निवृत्त झाले आणि बहिणीच्या मागे फिरू लागले. अक्का म्हणायची, "शाळा सुटली, पाटी फुटली, आणि हा माझ्या गळ्यात पडला."

पाणी पिऊन तो माणूस सांगू लागला. तो एका मोठ्या लाँड्रीत वायरमन होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जात. त्याची बायको तिथल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर होती. सगळा कारखाना तिला ताई म्हणायचा. मशीनलाही नावं होती. मोठी ती थोरली, मग मधली आणि धाकटी.

"थोरलीच्या ड्रममध्ये माणूस वाकून आत जाऊ शकतो," वायरमन म्हणाला. "कधीकधी चादर गुंडाळून अडकते. मग मेन खटका बंद करायचा आणि कुणीतरी आत शिरून ती ओढून काढायची. ताईच शिरायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर अशीच चादर अडकली. मी खटका बंद करायला गेलो. तेवढ्यात मागं बॉयलरची शिट्टी झाली, म्हणून तिकडे धावलो. मी बॉयलरपाशी असताना इकडे थोरली फिरली. ताई आत होती."

तो थांबला. 

"दार उघडं असताना ड्रम फिरतो कसा?" अक्कानं विचारलं.

"दाराचा लॉक तुटलाय. पार्ट यायचाय, यायचाय, असं ऐकतोय. आणि मशीन जुनं आहे. मेन खटका वर केला की ड्रम लगेच फिरायला लागतो."

"आणि खटका वर होता?"

"वर होता." त्यानं हाताकडे पाहिलं. "खटका बंद केला की मी हँडलला लाल चिंधी बांधतो. गाठ मारून. चिंधी दिसली की कुणी हात लावत नाही. काम झालं की गाठ मी स्वतः सोडतो. त्या दिवशी हँडलला चिंधी नव्हती. माझ्या खिशातही नव्हती. फौजदार म्हणाले, तू चिंधी घरीच विसरलास आणि खटका प्रॉबेबली बंदच केला नाहीस."

"तुम्हाला काय आठवतं?"

"बाई, रोजचं काम आहे. हात आपोआप करतात. केलं असं वाटतं. शपथ घ्यायची म्हटलं तर जीभ अडते." तो मास्तरांकडे वळला. "तुम्ही इंग्रजीचे मास्तर ना? प्रॉबेबली म्हणजे नेमकं किती हो? मी किती आणि नशीब किती?"

मास्तरांनी घसा साफ केला. "प्रॉबेबली म्हणजे बहुतेक. म्हणजे खात्री नाही, पण तसं असण्याचाच संभव जास्त."

"मग मी बहुतेक मारलेल्या बायकोसाठी बहुतेक रडू का?" वायरमन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "शिक्षा द्या, भोगतो. पण नक्की काय ते कळू दे. आमच्या खात्यात हा शब्द चालत नाही. पोलिसांकडे चालतो असं दिसतंय."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. "त्या सकाळी चिंधी बरोबर घेतली होती का?"

"घेतली होती. तिनंच दिली. जुनी चिंधी पार विरून मातकट झाली होती. तिनं घरातला लाल पडदा टराटरा फाडला आणि एक पट्टी माझ्या हातात ठेवली. नवा पडदा हो! पहिल्याच धुण्यात त्यानं माझे दोन बनियन रंगवले होते. धुलाईवालीच्या घरात रंग सोडणारा पडदा नको, म्हणाली. मी ओरडलो. ती पण ओरडली. कामावर आल्यावरही आम्ही एकमेकांशी बोललो नाही."

त्यानं खाली मान घातली. "पडद्यावरून भांडलो. शेवटचं बोलणं ते."

* * *

लाँड्रीत शिरताच वाफेनं मास्तरांचा चष्मा धुरकटला. मधली आणि धाकटी चालू होत्या. थोरलीला फौजदारांनी सील लावलं होतं, आणि तिच्याजवळून जाताना बायका तोंड फिरवत होत्या. मेन खटक्याचं पॅनेल जिन्याच्या पायथ्याशी होतं. जिना वर सुपरवायझरच्या काचेच्या केबिनकडे जात होता. पॅनेलशेजारी चादरींच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. आवाज इतका की मास्तरांना स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येईना.

मालक त्याआधी फाटकातच भेटला होता. अंगानं स्थूल, तोंडानं फाटका.

"त्या वेळी मी इथंच होतो. गाडीचं चाक बसलं होतं, ड्रायव्हर खाली आणि मी त्याच्या डोक्यावर. विचारा त्याला. कारखान्याला टाळं लागेल माझ्या! सरकारी कारखाना-तपासनीस यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशीच हे झालं. बाई गेली ती गेली, मला घेऊन गेली."

"दाराचा लॉक का दुरुस्त केला नाही?"

"ते सुपरवायझरचं काम. तो म्हणतो, पार्ट प्रॉबेबली पुढच्या महिन्यात. गेलं वर्षभर पुढचाच महिना चाललाय." मालकानं आवाज खाली आणला. "वायरमन वाईट माणूस नाही हो. पण चुकतो माणूस."

ड्रायव्हरनं मालकाचं म्हणणं खरं आहे असं सांगितलं. वर एक शिवीही जोडली.

केबिनमध्ये सुपरवायझर फोनवर होता. "गाडी प्रॉबेबली संध्याकाळपर्यंत पोचेल. टॉवेल प्रॉबेबली उद्या." फोन ठेवून तो उठला आणि त्यानं अक्काला खुर्ची दिली. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझाही दोष आहे," तो आपणहून म्हणाला. "फौजदारांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. चादर अडकली म्हणून मी खाली उतरलो. ताई थोरलीच्या दारात उभी होती. म्हणाली, खटका बंद आहे ना? मी म्हणालो, प्रॉबेबली बंद असेल, पण नवऱ्याला विचारून घे. ती हसली, बरं म्हणाली, आणि शिरली आत. मी जिन्याकडे वळलो. जिना चढेपर्यंत…" त्यानं डोळे मिटले. "हाताला धरून थांबवायला हवं होतं. झोप लागत नाही मला."

"पॅनेल जिन्यापाशीच आहे. जाताना तुम्हाला खटका दिसला नाही?"

"तिकडे बघितलंच नाही. खटका बघायचं काम माझं नाही ना."

"खाली कितीदा जाता?"

"गरज पडली तर. खाली आवाज फार. आणि खालच्या लोकांचं आपलं आपलं चालतं."

जिना उतरताना मास्तर म्हणाले, "अक्का, हा माणूस मला खरा वाटतो. खोटारडा असता तर 'खटका बंद आहे असं मी म्हणालोच नव्हतो,' असं सांगून मोकळा झाला असता. हा दोष स्वतःवर घेतोय."

"थोडासा घेतोय," अक्का म्हणाली. "परवडेल तेवढा."

* * *

इस्त्रीच्या बाजूला ताईची धाकटी बहीण काम करत होती. तिच्याबरोबर आणखी तीन बायका होत्या. ओल्या चादरी एका लांब रोलरमधून कोरड्या, कडक होऊन बाहेर पडत. रोलर नुकताच थांबवला होता.

"दाजींनी पाठवलंय ना तुम्हाला?" बहीण म्हणाली. "मग मला काही विचारू नका. त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही माझी."

"त्यांनी पाठवलंय," अक्का म्हणाली. "ते दोषी निघाले तर तसंच सांगीन. पैशासाठी खोटं बोलायचं माझं वय गेलं."

बहीण जरा निवळली. मास्तरांना उभं राहवेना. त्यांनी टेकायला जागा शोधली.

"हा रोलर प्रॉबेबली गार झाला असेल," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

तोच बहिणीनं त्यांचं मनगट घट्ट पकडलं. मास्तर दचकले. पाहतात तर बाकी तिघींनी हातातल्या चादरी टेबलावर ठेवल्या होत्या. एकजण रोलरच्या टोकाला गेली, वाकून उष्णतेचा काटा पाहिला आणि परत आली.

"बघून आले," ती म्हणाली. "गरम आहे. भाजून निघाला असता काका."

चौघींनी पुन्हा चादरी उचलल्या. जणू काही झालंच नव्हतं.

"हे काय होतं?" अक्कानं हळूच विचारलं.

"नियम," बहीण म्हणाली. "इथे तो शब्द चालत नाही. कुणी तो म्हणालं की हातातलं खाली ठेवायचं. कुणीतरी एकजण जायचं, डोळ्यानं बघायचं आणि येऊन सांगायचं, बघून आले. मगच हात लावायचा. ताईनं लावलेला नियम आहे. झोपेतसुद्धा पाळू आम्ही."

"कधीपासून?"

"एका पोरीचा हात गेला तेव्हापासून. थोरलीतच. बिचारीनं विचारलं होतं, बंद आहे का? कुणीतरी म्हणालं, प्रॉबेबली. तिनं हात घातला. नंतर कागदोपत्री काय ठरलं, तर मुलीनं प्रॉबेबली स्वतःच निष्काळजीपणा केला."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ताईला माहीत होतं. तिनं ऐकलं होतं. तपासनीस येणार म्हटल्यावर सांगणार होती त्याला. बोलूनही दाखवलं होतं सगळ्यांसमोर, की या वेळी गप्प बसणार नाही. नाव मात्र मला नाही सांगितलं. म्हणाली, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."



"हा नियम वर माहीत आहे?" अक्कानं बोटानं काचेची केबिन दाखवली.

"वर कशाला सांगायचं? वरचे खाली येतात ते घाई करायला."

"त्या दुपारी तुम्ही काय पाहिलंत?"

"इथूनच पाहिलं. आम्ही चौघी रोलरवर होतो. ताई थोरलीपाशी होती. सुपरवायझर जिना उतरून तिच्याकडे आले. ती काही बोलली, त्यांनी मान हलवली. आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मग तिनं घड्याळ आणि अंगठी काढून खुंटीला लावली आणि आत गेली. ते जिन्याकडे गेले. मी पुढची चादर रोलरला लावली आणि…"

"घड्याळ-अंगठी आधी का काढत नाहीत?"

"आधी नाही. 'बघून आलो' ऐकलं की मगच. सगळ्यात शेवटी. म्हणजे हात मोकळे झाले की समजायचं, आता आत जायला हरकत नाही."

 अक्काची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. "त्या चादरी गुलाबी का?"

"डोकं उठवलंय त्यांनी माझं!" बहीण उसळली. "हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरी आहेत. काल कारखाना उघडला, पहिलीच ट्रॉली मधलीत टाकली आणि सगळ्या अशा निघाल्या. पांढऱ्यात रंगीत टाकणारी इथे कुणी नाही. आम्हाला ते आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. आणि कुणीतरी ही टाकली." तिनं खिळ्यावर लटकलेली लाल चिंधी ओढून काढली. "चिंधी टाकायची तर टाक, मेल्या, निदान गाठ तरी सोड!"

चिंधीचं एक कडं झालं होतं. गाठ पाण्यानं आणखी आवळली होती.

"ट्रॉली कुठली?"

"खटक्याजवळची. त्या दुपारपासून भरून उभी होती."

अक्कानं चिंधी मागून घेतली. जाताना ती पॅनेलपाशी थांबली आणि हँडलकडे नुसतं बघितलं. हात लावला नाही.

"फौजदारांना फोन करा, मास्तर," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांना इथं एकत्र हवंय. मशीन बंद ठेवून."

* * *

दुसऱ्या दिवशी मशीन बंद होती आणि ती शांतता सगळ्यांना जड जात होती. मालक स्टुलावर बसला होता. फौजदार पॅनेलला टेकून उभे होते. बायका हातातलं काम घेऊनच आल्या होत्या. कुणी चादरीची घडी घालत होती, कुणाच्या हातात टाचण्या होत्या. सुपरवायझर चहाचा पेला घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. वायरमन हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून, हातात पक्कड घेऊन एका बाजूला उभा होता. मेहुणीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वायरमन, ही ओळखता?" अक्कानं चिंधी पुढे केली.

त्याचा चेहरा पालटला. "आमचा पडदा."

"हा पडदा रंग सोडतो, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. आणि ही चिंधी त्या सकाळी पहिल्यांदाच कारखान्यात आली. जुनी होती ती रंग उडालेली. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे चिंधी घरी विसरली नव्हती. ती पांढऱ्या चादरींच्या ट्रॉलीत गेली आणि चादरी गुलाबी झाल्या."

"खिशातून पडली असेल," फौजदार म्हणाले.

"खिशातल्या चिंधीला गाठ नसते, साहेब." अक्कानं लाल कडं खटक्याच्या हँडलवर सरकवलं. जोर लावावा लागला, पण ते नेमकं बसलं. "ही गाठ याच हँडलवर मारलेली आहे. चिंधी इथे बांधली होती, याचा अर्थ खटका खाली होता. यांनी त्यांचं काम चोख केलं होतं."

वायरमननं भिंतीचा आधार घेतला. मेहुणीच्या हातातली चादर अर्धवट घडीत राहिली.

"आणि काढताना हे गाठ सोडतात. इथं गाठ तशीच आहे. म्हणजे चिंधी कुणीतरी हिसडून काढली. घाईत. हातात लाल चिंधी आणि चहूकडून माणसं धावत येणार. मग सगळ्यात जवळच्या कपड्यांच्या ढिगात खुपसली. कापड लपवायला कापडासारखी जागा नाही, असं वाटलं त्याला." अक्का बायकांकडे वळली. "तुमच्यापैकी कुणी लाल कापड पांढऱ्यात टाकाल?"

"मेले तरी नाही," रोलरवाली म्हणाली.

"म्हणजे खाली काम करणारं कुणी नाही. मालक गाडीपाशी होते. राहिलं कोण, ते सांगते. पण आधी सुपरवायझरसाहेब, ताईला तुम्ही काय म्हणालात ते एकदा सगळ्यांना ऐकवा. खालच्या कुणी ते ऐकलेलं नाही."

सुपरवायझरनं चहाचा घोट घेतला. "मी काही लपवलेलं नाही. ताईनं विचारलं, खटका बंद आहे ना? मी म्हणालो, प्रॉबेबली बंद असेल…"

टेबलावर चादरी पडल्या. टाचण्यांची डबी खाली ठेवली गेली. वायरमननं हातातली पक्कड नकळत जमिनीवर ठेवली. रोलरवाली दोन पावलं पॅनेलकडे चालली, मग तिला भान आलं आणि ती थांबली.

सगळे सुपरवायझरकडे बघत होते. पेला फक्त त्याच्याच हातात होता.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तू तिला तो शब्द म्हणालास?" बहीण पुढे आली. "आणि ताई आत गेली? माझी ताई?"

"म्हणजे काय? हो."

"ती वळली असती आणि स्वतः खटका बघून आली असती. तिचाच नियम आहे तो! त्या पोरीचा हात गेला तेव्हापासूनचा!"

 मास्तरांना कालचं आपलं मनगट आठवलं.

"तुम्हाला हा नियम माहीत नव्हता," अक्का शांतपणे म्हणाली. "तुम्ही वर हा शब्द दिवसभर वापरता. गाडी प्रॉबेबली येईल, पार्ट प्रॉबेबली येईल. काही बिघडलं तर 'मी नक्की असं म्हणालोच नव्हतो' म्हणून मोकळे. तुमच्यासाठी तो शब्द म्हणजे उशी आहे, पडलं तरी लागत नाही. त्या मुलीच्या वेळी लागलं नाही. म्हणून या वेळीही तोच काढलात. ताईशी बोलताना चौघींनी तुम्हाला पाहिलं होतं. म्हणजे काहीतरी बोललात हे सांगणं भाग होतं. पण खाली या शब्दावर कुणी आत शिरत नाही. या शब्दावर सगळे थांबतात."

"घाईत असेल ती! माणूस विसरतो!"

"विसरली नव्हती. तिनं घड्याळ आणि अंगठी काढून खुंटीला लावली. ती शेवटी काढतात. 'बघितलं' असं कुणाच्या तोंडून स्वच्छ ऐकल्यावर. तुमच्याशी बोलली, तुम्ही मान हलवलीत, आणि तिनं अंगठी काढली. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, बंद आहे, मी आत्ताच बघितलं. आणि तुम्ही बघितलं होतंच. खटका जिन्यापाशी, चिंधी लालभडक." अक्का थांबली. "तुम्ही तिला खोटं सांगितलंच नाही. खरं सांगितलंत. मग इथवर चालत आलात आणि ते खोटं केलंत."

फौजदार पॅनेलपासून सरळ उभे राहिले.

मालकानं तोंड उघडलं. "अरे, पण का? का?"

"दुसऱ्या दिवशी तपासनीस यायचा होता. त्या मुलीला 'प्रॉबेबली बंद आहे, हात घाल' असं कोण म्हणालं, ते ताई सांगणार होती. तिनं ऐकलं होतं. लॉक वर्षभर का बदलला नाही, हेही मग विचारलं गेलं असतं. नोकरी तर गेलीच असती, तुरुंगही चुकला नसता."

सुपरवायझरनं पेला पायरीवर ठेवायचा प्रयत्न केला. तो कलंडला.

"अंदाज आहे हा सगळा," तो म्हणाला. "नुसता अंदाज."

"चिंधी अंदाज नाही," फौजदार म्हणाले.

"मी सांगितलं होतं तिला!" त्याचा आवाज एकदम चढला. "दोनदा समजावलं. म्हटलं, झालं ते झालं, त्या पोरीचा हात काही परत येणार नाही. गप्प बस. तर माझ्या तोंडावर हसली. ऐकलं असतं तर आज जिवंत असती!"

तो बोलून गेला आणि मग त्याला ते ऐकू आलं.

फौजदारांनी त्याच्या दंडाला धरलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून गेलं नाही. बायका बाजूला सरल्या आणि त्याला जायला वाट दिली. फाटकापाशी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

* * *

मालक हात चोळत आला. उद्यापासून लॉक बदलतो, हात गेलेल्या त्या मुलीलाही कामावर बोलावतो, असं काहीबाही बोलला. अक्कानं त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"आज बदला," ती म्हणाली.

वायरमन अजून भिंतीपाशीच होता. मास्तर त्याच्याजवळ गेले.  मुलांच्या निकालाच्या दिवशी नापास झालेल्याच्या बापाशी बोलताना व्हायचं तसं त्यांना झालं.

"तुम्ही नाही मारलंत," शेवटी ते म्हणाले. "नक्की."

वायरमननं मान हलवली. मग तो अक्काकडे वळला.

"बाई, अजून एक विचारू? ड्रम फिरला, तेव्हा तिला काय वाटलं असेल? खटका माझ्याकडे होता. सकाळी आम्ही भांडलो होतो. तिला वाटलं असेल का, की मीच…" 

मास्तर अक्काकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाला काहीतरी बरं सांगून पाठवायची वेळ होती. 'नाही' म्हणायला तिचं काय जात होतं?

"ते मला माहीत नाही," अक्का म्हणाली. "ते आता कुणालाच कळणार नाही."



"खरं सांगितलंत," तो म्हणाला. मग खाली बसला आणि रडू लागला. मोठ्यानं, तोंड न झाकता. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता, हे त्याच्या रडण्यावरून कळत होतं.

बायका जागच्या जागी थांबल्या. मेहुणी सगळ्यांच्या मागे होती. ती पुढे आली, पण त्याला हात लावला नाही, समजूतही घातली नाही. त्याची हत्यारांची जड पिशवी जमिनीवर होती. तिनं पक्कड उचलून आत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि ओझ्यानं एका बाजूला कलून दाराकडे निघाली.

दारात ती थांबली.

"दाजी, चला," ती म्हणाली. "पिशवी जड आहे."

तो उठला आणि तिच्या मागे गेला.